नोंदवहीतील नाव : बाप्तिस्म्याचे पुस्तक, जन्माचा दाखला आणि भोपाळची साक्ष

एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या घराण्यांची लांबलचक यादी आहे. उपासनेत हा अध्याय क्वचितच वाचला जातो, आणि वाचलाच तर घाईने वाचला जातो. परंतु यादीच्या अखेरीस एक वेदनादायक प्रसंग येतो. हबया, हक्कोस आणि बर्जिल्लय या याजककुळांतील लोकांनी आपल्या वंशावळीची नोंद शोधली; ती मिळाली नाही; म्हणून त्यांना याजकपणातून वगळण्यात आले. उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत त्यांनी परमपवित्र पदार्थ खाऊ नयेत, असा हुकूम अधिपतीने दिला. हे लोक खोटे होते असे शास्त्र म्हणत नाही. त्यांची नोंद सापडली नाही, एवढेच म्हणते.

आज आपल्या मंडळ्यांतील कित्येक माणसे याच दारात उभी आहेत. शाळाप्रवेश, निवृत्तिवेतन, वारसा, जातीचा दाखला, पारपत्र, यांपैकी कोणत्या तरी कामासाठी जन्माचा पुरावा मागितला जातो, तो घरात नसतो, आणि मग पाळकाच्या किंवा धर्मगुरूच्या कपाटातील जुने पुस्तक उघडले जाते. हे पुस्तक नेमके कशाची साक्ष देते, शासनाची वही कशाची देते, आणि या दोन साक्षींची गल्लत कोठे होते, याचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात आम्ही घेणार आहोत. त्यासाठी मुख्य उदाहरण म्हणून भोपाळ नगर निवडले आहे. का, ते पुढे स्पष्ट होईल.

दोन वह्यांचा उगम

शासनाची वही प्राचीन आहे. औगुस्त कैसराच्या काळी, इसवी सन ४ व ९ मधील कायद्यांनी, रोमी नागरिकांच्या औरस अपत्यांचा जन्म ठरावीक मुदतीत जाहीर करण्याची पद्धत सुरू झाली. ही मुदत ३० दिवसांची असे. नोंदीची नक्कल मेण लावलेल्या जोडपट्ट्यांवर सात साक्षीदारांच्या शिक्क्यांनिशी मिळत असे. प्रेषितांच्या कृत्यांच्या २२व्या अध्यायात सरदाराने आपले नागरिकत्व पुष्कळ पैसा देऊन विकत घेतले होते, तर पौल जन्मतःच नागरिक होता, हा संवाद आपणांस परिचित आहे. पौलाने तेथे काही दाखला दाखवला किंवा नाही हे लूक सांगत नाही. मात्र जन्माने मिळणाऱ्या हक्काला त्या काळीही वजन होते, हे त्यावरून दिसते. त्याच लूकने प्रभूच्या जन्माची कथा एका नावनिशीच्या पार्श्वभूमीवर मांडली आहे. त्या नावनिशीचा हेतू कर हा होता. कर, सैन्यभरती, वारसा आणि नागरिकत्व हेच शासकीय वहीचे मूळ हेतू होत.

ख्रिस्तमंडळीची वही निराळ्या गरजेतून जन्मली. चौथ्या शतकाच्या अखेरीस इजेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री यरुशलेमेस गेली होती. पुनरुत्थानाच्या सणी ज्यांना बाप्तिस्मा घ्यावयाचा असे, त्यांची नावे उपवासकाळाच्या आरंभी कशी लिहून घेत, आणि अध्यक्ष त्यांच्या शेजाऱ्यांकडे त्यांच्या वर्तनाची चौकशी कशी करीत, हे तिने वर्णिले आहे. येथे नाव लिहिणे म्हणजे मोजदाद नव्हे. ते बोलावून घेणे आहे. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे.

मध्ययुगाच्या शेवटी या दोन हेतूंची सरमिसळ झाली. इंग्लंडात १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेलच्या आज्ञेने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवणे सक्तीचे झाले. फ्रान्समध्ये १५३९ च्या राजाज्ञेने बाप्तिस्म्याच्या वहीला वयाचा पुरावा म्हणून मान्यता मिळाली. ट्रेंट येथील धर्मसभेने १५६३ मध्ये विवाहाची व बाप्तिस्म्याची नोंद धर्मगुरूंच्या कर्तव्यात घातली, आणि १६१४ च्या रोमी विधिग्रंथाने नोंदीचा नमुना घालून दिला. ट्रेंटच्या सभेचा हेतू चोरटे विवाह व निषिद्ध नात्यांतील विवाह थांबवणे हा होता. परंतु राजसत्तेला आयतेच एक साधन सापडले. अशा रीतीने धर्मगुरू हा न मागता, न नेमता, राजाचा जन्मनिबंधक बनला.

या व्यवस्थेतील दोष कोणाला प्रथम जाणवला? जे बाप्तिस्मा देत नव्हते त्यांना. क्वेकर लोकांनी बाह्य संस्कार नाकारले होते. त्यामुळे त्यांच्या बालकांची नावे पॅरिशच्या पुस्तकात येणार नव्हती. म्हणून सतराव्या शतकापासून ते स्वतःच जन्माची वही ठेवू लागले. त्यांत बाप्तिस्म्याची नव्हे, तर जन्माचीच तारीख असे. याच क्वेकरांचे मिशन पुढे एकोणिसाव्या शतकात नर्मदेच्या काठी होशंगाबाद येथे, म्हणजे आजच्या नर्मदापुरम येथे, रुजले. फ्रान्सने १७९२ मध्ये आणि इंग्लंडने १८३७ पासून जन्मनोंदणी शासनाकडे घेतली. बाप्तिस्मा न घेणाऱ्या मनुष्यालाही जन्म असतो, हे साधे सत्य मान्य होण्यास इतका काळ लागला.

कंपनीच्या वह्या आणि कोतवाल बुक

आपल्या देशात ईस्ट इंडिया कंपनीच्या चॅप्लिनांनी ठेवलेल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला मुंबई, मद्रास व बंगाल या तिन्ही इलाख्यांतून लंडनला जात असत. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुढे १८८६ च्या सहाव्या कायद्याने काही विशिष्ट लोकांच्या जन्ममृत्यूंची ऐच्छिक नोंदणी सुरू केली. त्यांत ख्रिस्ती धर्मीयांचा समावेश होता. ऐच्छिक हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याला कायद्याचे ज्ञान, वेळ व साधन होते त्यानेच नोंद केली. खेड्यातील नवख्रिस्ती कुटुंब उपदेशकाच्या वहीवरच विसंबून राहिले. भोपाळसारख्या संस्थानाची स्वतःची प्रजा तर या कायद्याच्या कक्षेबाहेरच होती.

तथापि ग्रामीण जनतेची काहीच नोंद होत नव्हती असे नव्हे. मध्य प्रांतात व वऱ्हाडात गावचा कोतवाल जन्ममृत्यूंची वही सांभाळीत असे आणि ती ठरलेल्या दिवशी पोलिसठाण्यावर नेत असे. विदर्भातील वाचकांना ‘कोतवाल बुक’ हा शब्द सांगावयास नको. जातीच्या दाखल्यासाठी त्याच्या नकला आजही शोधल्या जातात. कित्येकदा वही वाहणाऱ्या कोतवालाला स्वतःला लिहिता येत नसे; दुसऱ्या कोणी तरी त्याच्यासाठी लिहून द्यावे. त्या नोंदींत बापाचे नाव असे, जात असे, मुलगा की मुलगी हे असे. बालकाचे स्वतःचे नाव मात्र बहुधा नसे, कारण बारसे व्हावयाच्या आधीच वही ठाण्यावर गेलेली असे.

आता शेजारी बाप्तिस्म्याचे पुस्तक ठेवून पाहावे. तेथे बालकाचे नाव पहिल्या रकान्यात आहे. आईबापांची नावे आहेत, धर्ममातापित्यांची आहेत, संस्कार करणाऱ्याची सही आहे. जन्मतारीख मात्र आईबापांनी सांगितली तशी लिहिलेली आहे. कधी ती आठवणीने सांगितलेली, तर कधी ‘गेल्या पोळ्याच्या सुमारास’ अशा हिशेबाने काढलेली. थोडक्यात, कोतवालाच्या वहीला जन्म माहीत होता पण नाव माहीत नव्हते. आमच्या वहीला नाव माहीत होते पण जन्माची ती ऐकीव साक्षीदार होती. न्यायालयांनीही हाच भेद पाळला आहे. बाप्तिस्म्याची नोंद ही बाप्तिस्मा झाल्याचा व तो केव्हा झाला याचा पुरावा असते. जन्मतारखेसाठी तिला दुसऱ्या पुराव्याची जोड लागते.

तिसरी एक वही होती, ती शाळेची. महाराष्ट्रातील एका पिढीच्या हजारो लोकांचा वाढदिवस १ जून आहे, हे आपण पाहतोच. नाव दाखल करताना गुरुजींनी मुलाच्या अंगलटीवरून वय ठरवले आणि तारीख १ जून घातली. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. परंतु नोकरीची मुदत, निवृत्ती आणि निवृत्तिवेतन यांची गणना जन्मभर त्याच तारखेवरून झाली, आणि मंडळीच्या पुस्तकातील तारखेशी ती जुळेना, तेव्हा दोहोंपैकी खरे कोण हा प्रश्न पाळकापुढे आला.

नागपूरहून भोपाळला

भोपाळचा आणि मराठी ख्रिस्ती माणसाचा संबंध कोणता, असे कोणी विचारील. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली. सचिवालयाबरोबर नागपूरची अनेक मराठी कुटुंबे भोपाळला गेली. जन्म एका राज्यात, नोकरी दुसऱ्या राज्यात, आणि नोंदीची वही तिसऱ्याच कचेरीत, अशी त्यांची स्थिती झाली. १९६३ मध्ये भोपाळचे महाधर्मप्रांत स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले महाधर्मगुरू युजीन डिसोझा हेही नागपूरहूनच तेथे गेले.

मात्र भोपाळची ख्रिस्ती परंपरा त्याहून जुनी आहे, आणि ती आपल्या विषयाशी विलक्षण जुळणारी आहे. जहांगीराबाद येथील संत फ्रान्सिसचे मंदिर एकोणिसाव्या शतकात बुर्बाँ घराण्याच्या औदार्याने उभे राहिले. या घराण्याची परंपरागत समजूत अशी की त्यांचा मूळ पुरुष, जाँ फिलिप नावाचा फ्रेंच राजकुळातील मनुष्य, सोळाव्या शतकात अकबराच्या आश्रयास आला. पुढे वंशज भोपाळला आले आणि बेगमांच्या दरबारी उच्चपदास चढले. त्यांच्यातील बाल्थाझार हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्याचा एक कर्ता पुरुष होता. फ्रेंच प्रवासी लुई रूसले याने आणि कर्नल विल्यम किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने या घराण्याविषयी लिहून ठेवले आहे.

यात आमच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली ही की, फ्रान्सच्या राजकुळाशी नाते जोडणारी जन्माची अथवा बाप्तिस्म्याची नोंद कोणाला दाखवता आलेली नाही. म्हणून इतिहासकार ती कथा सिद्ध मानीत नाहीत. एज्राच्या पुस्तकातील बर्जिल्लयाच्या वंशजांचीच ही स्थिती होय. दुसरी ही की, बाल्थाझार हा दरबारात ‘शहजाद मसीह’ या नावाने ओळखला जाई. मंडळीत एक नाव आणि दरबारात दुसरे. राजघराण्याच्या वर्तुळात अशा दोन नावांनी कोणाचे अडत नाही. सर्वांना माणूस ठाऊक असतो. परंतु गरीब मनुष्याचे मंडळीतील नाव ‘योहान’ आणि शाळेतील नाव ‘जनार्दन’ असेल, तर दोन्ही कागदांवरील मनुष्य एकच आहे हे सिद्ध करण्यात त्याचे आयुष्य जाते.

२ डिसेंबर १९८४ नंतर

आता ज्या घटनेमुळे आम्ही भोपाळ निवडले तिच्याकडे वळू. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. नगराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग बाधित ठरले. १९८५ च्या कायद्याने सर्व पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार केंद्र शासनाने स्वतःकडे घेतला, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. त्यानंतर प्रत्येकाने आपण कोण, त्या रात्री कोठे होतो, आणि आपले कोण गेले, हे कागदांनिशी सिद्ध करावयाचे होते. ज्या रात्री माणसे अंगावरच्या वस्त्रानिशी पळाली, त्या रात्रीचा पुरावा मागितला गेला. पाच लाख सत्तर हजारांहून अधिक लोकांना अखेर भरपाई मिळाली. परंतु झोपडीत राहणाऱ्या, भाड्याची पावती नसलेल्या, ज्यांच्या मृतांना घाईघाईने सामुदायिक मूठमाती अथवा अग्नी मिळाला अशा लोकांना ही वाट किती खडतर गेली असेल, हे सांगावयास नको.

सर्वांत नाजूक प्रश्न बालकांचा होता. घटनेनंतर नऊ महिन्यांनी झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, कारखान्यापासून १ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आणि त्या वेळी गरोदर असलेल्या स्त्रियांच्या ८६५ गर्भधारणांपैकी सुमारे ४३ टक्के गर्भ जिवंत जन्मास आले नाहीत. जी ४८६ बालके जिवंत जन्मली, त्यांतील सुमारे १४ टक्के पहिल्या ३० दिवसांतच गेली. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर १९९१ च्या निकालात पुढे जन्मणाऱ्या बालकांचा विचार केला. वायूची बाधा झालेल्या मातांच्या पोटी जन्मजात व्यंग घेऊन येणारी बालके आणि ज्यांच्यात लक्षणे मागाहून दिसतील अशी माणसे, मिळून सुमारे एक लाख जणांसाठी आठ वर्षांचा विमा उतरवावा, असे न्यायालयाने सांगितले. अशा बालकाच्या बाबतीत जन्माचा दाखला काय करतो? तो बालकाला त्याच्या आईशी, त्या तारखेशी आणि त्या स्थळाशी बांधतो. तो दुवा नसेल तर बालकाच्या शरीरात विषाची खूण असूनही त्याला वाली राहत नाही.

हा विमा कधीच उतरवला गेला नाही. १४ मार्च २०२३ रोजी भरपाई वाढवून मागणारी याचिका फेटाळताना न्यायालयाने याबद्दल केंद्र शासनाला घोर निष्काळजीपणाचा दोष दिला. तेव्हा एवढेही मान्य केले पाहिजे की, कागद असणे म्हणजे न्याय मिळणे नव्हे. कागद नसेल तर न्यायाच्या दारापर्यंतही पोहोचता येत नाही, एवढेच त्याचे महत्त्व आहे. पण ते थोडे नाही.

भोपाळच्या या आकड्यांपुढे आम्हांस आपल्या पुस्तकाविषयी एक अस्वस्थ करणारी गोष्ट जाणवते. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात ‘जन्म’ या शब्दाच्या व्याख्येत विहित गर्भकाळ पूर्ण करून मृत जन्मलेल्या बालकाचाही समावेश आहे. शासनाच्या वहीत त्याच्यासाठी एक ओळ आहे. आमच्या बाप्तिस्म्याच्या पुस्तकात त्याच्यासाठी जागा नाही, कारण संस्कार जिवंतांसाठी आहे. दफनाच्या पुस्तकातही पुष्कळ ठिकाणी त्याचे नाव आढळत नाही. येथे कैसराची वही आमच्या वहीपेक्षा अधिक कनवाळू ठरते. ज्या आईचे मूल असे गेले तिच्या घरी जाऊन प्रार्थना करणे, त्या बालकाला नाव असल्यास ते दफनपुस्तकात लिहिणे, आणि शासनाकडे नोंद करण्यास घरच्यांना साहाय्य करणे, हे पाळकाचे काम नव्हे असे कोण म्हणेल?

आजचा कायदा

१९६९ च्या कायद्याने देशभर जन्मनोंदणी एकसारखी व सक्तीची केली. जन्म २१ दिवसांच्या आत कळवावा. ३० दिवसांनंतर विलंबाची परवानगी लागते. एक वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. नावाविना झालेल्या नोंदीत १५ वर्षांपर्यंत नाव भरता येते. या शेवटच्या तरतुदीचे ज्ञान आपल्या उपदेशकांना अवश्य असावे, कारण ‘बालकाचे नाव’ हा रकाना कोरा असलेले दाखले आजही घरोघर आढळतात.

या कायद्यात २०२३ मध्ये महत्त्वाची दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नेमणूक, पारपत्र व आधार क्रमांक यांसाठी जन्माची तारीख व स्थळ यांचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच चालेल. आधारपत्र हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. बालगुन्हेगारीच्या प्रकरणांत वय ठरवताना २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ९४ ने शाळेचा दाखला, नंतर महानगरपालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसल्यास वैद्यकीय तपासणी, असा क्रम लावला आहे. बाप्तिस्म्याच्या पुस्तकाचा त्यात उल्लेखही नाही. सोळाव्या शतकात सुरू झालेले धर्मगुरूचे जन्मनिबंधकपण अशा रीतीने संपले आहे. त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. आपले पुस्तक त्याच्या मूळ कामाकडे परत आले आहे.

आणखी एका निर्णयाची दखल घेतली पाहिजे. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित मातेच्या अर्जावर निकाल दिला. ती ख्रिस्ती होती. अशा मातेने आपल्या बालकाच्या जन्मदाखल्यासाठी केवळ प्रतिज्ञापत्र दिल्यास दाखला द्यावा, पित्याचे नाव सांगण्याची सक्ती करू नये, असे न्यायालयाने ठरवले. कॅथलिक धर्मसंहितेच्या ८७७व्या नियमातही अशा बालकाच्या नोंदीत मातेचे नाव लिहिण्याची सोय आहे, आणि पित्याचे नाव पुराव्याशिवाय अथवा त्याने स्वतः मान्य केल्याशिवाय लिहू नये अशी खबरदारी आहे. आपल्या वेस्ट्रीत अशी माता आली असता तिला रिकाम्या रकान्याबद्दल लाजवणे हे ना कायद्यास धरून आहे, ना शुभवर्तमानास.

साक्ष दोहों बाजूंनी कापते

आपले पुस्तक आता जन्माचा पुरावा राहिले नाही म्हणून ते निरुपद्रवी झाले, असे मात्र समजू नये. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने ही मान्यता प्रथम हिंदूंपुरती ठेवली. पुढे १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना ती मिळाली. ख्रिस्ती मनुष्यास ती नाही. पुदुचेरीतील एका महिलेने हिंदू असल्याचे सांगून अनुसूचित जातीचा दाखला मागितला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा दावा फेटाळला, आणि तिच्या बालपणीच्या बाप्तिस्म्याची नोंद ही त्या निर्णयातील महत्त्वाची साक्ष ठरली. मध्य प्रदेशात १९६८ च्या कायद्याने धर्मांतराचा विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक केले होते. त्या जागी २०२१ मध्ये अधिक कडक कायदा आला. म्हणजे भोपाळच्या पाळकाने प्रौढाच्या नावापुढे लिहिलेली तारीख न्यायालयात वाचली जाऊ शकते.

या परिस्थितीत दोन मोह होतात. काही जण दबावाखाली नोंद टाळतात किंवा तारीख बदलतात. काही जण दयेपोटी जुन्या पुस्तकात नवे नाव घुसवतात. दोन्ही गोष्टी करू नयेत. मंडळीतील पुष्कळांना या कायद्यामुळे अन्याय सोसावा लागतो हे खरे आहे, आणि त्याविरुद्ध सनदशीर मार्गाने आवाज उठवणे आपले कर्तव्य आहे. परंतु खोट्या नोंदीने तो अन्याय दूर होत नाही. एकदा एक नोंद खोटी ठरली की पुस्तकातील सर्व नोंदींची साक्ष दुबळी होते, आणि ज्या वृद्ध विधवेचे वय सिद्ध करण्यास दुसरा कागदच नाही तिचा आधार तुटतो.

पाळक व उपदेशक यांनी काय करावे

बाप्तिस्म्याची तयारी करण्यास कुटुंब येते तेव्हाच जन्मनोंदणी झाली आहे काय हे विचारावे. झाली नसल्यास बाप्तिस्मा अडवू नये. कृपेला दाखल्याची अट नाही. परंतु त्याच आठवड्यात कुटुंबाबरोबर एखाद्या जाणत्या मनुष्यास ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत धाडावे. दाखल्यावर आणि बाप्तिस्म्याच्या पुस्तकात नाव, आईबापांची नावे व आडनाव एकाच रीतीने लिहिलेले असावे. मंडळीतील नाव व व्यवहारातील नाव भिन्न असतील तर दोन्ही नोंदवावीत. जुनी नोंद चुकलेली आढळल्यास ती खोडू नये. समासात दुरुस्ती, तिचे कारण, तारीख व सही घालावी. नक्कल देताना तिच्यावर ‘बाप्तिस्म्याच्या नोंदीचा उतारा’ असेच लिहावे, ‘जन्माचा दाखला’ असे कदापि लिहू नये. दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलास शाळाप्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १४ सांगते. हे पालकांना ठाऊक करून द्यावे. आणि जुनी पुस्तके वाळवी, पाऊस व निष्काळजीपणा यांपासून जपावीत. ज्यांच्या जन्माच्या वेळी गावात दुसरी कोणतीही धड नोंद नव्हती, अशी माणसे अजून आपल्यामध्ये जिवंत आहेत.

एज्राच्या काळी नोंद न सापडलेल्यांचा निर्णय उरीम व थुम्मीम धारण करणाऱ्या याजकावर सोपवला होता. असा याजक पुढे आल्याचे त्या पुस्तकात सांगितलेले नाही. आपला विश्वास असा आहे की तो महायाजक आला आहे, आणि कागद नसलेल्यांना त्याने पवित्रस्थानात बोलावून घेतले आहे. आपली नावे स्वर्गात लिहिली आहेत म्हणून आनंद करावा, असे त्याने शिष्यांस सांगितले. या वचनाचा आधार घेऊन पृथ्वीवरील वह्यांविषयी बेपर्वा होणे सोपे आहे. भोपाळ आपणांस त्याच्या उलट शिकवते. ज्या बालकाचे नाव देव जाणतो, त्याचे नाव लिहून घेण्यास आपल्याला आळस व्हावा, हे त्या देवाच्या सेवकांस शोभत नाही. येत्या रविवारी बाप्तिस्म्याचे पुस्तक उघडाल तेव्हा शेवटच्या दहा नोंदी काढाव्यात, आणि त्या दहा बालकांच्या घरी जन्माचा दाखला आहे काय, एवढे विचारून यावे.